दोऱ्याचा पेला

मेलेल्या म्हशीला मणभर दूध असतं. एलीशम्मा जिवंत होती तेव्हा आमच्या एर्रवागूत तिला ओट्यावर बस म्हणणारं घर शोधावं लागायचं. आता चर्चच्या भिंतीवर तिच्या नावाची काळ्या दगडाची पाटी लागणार आहे. इमारतीला शंभर वर्षं झाली, समारंभ आहे, आमदार येणार आहे. गेल्या आठवड्यात आमचे नवे पाळक माझ्याकडे आले. वय तिशीचं, मिशा कोरलेल्या. हातात दोन पितळी पेले होते, कपाटाच्या मागच्या कप्प्यात सापडलेले.

"अव्वा, यातला एलीशम्मांचा पेला कुठला? काचेच्या पेटीत ठेवायचाय," त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी माझ्या सुनेकडे बघितलं, सुनेने मान हलवली. म्हातारीचं आता चालायचंच, अशी. मी काही विसरलेले नाही. पंच्याऐंशी ओलांडली तरी लग्नात आलेली भांडी मला नगानगाने पाठ आहेत. तो पेला कुठला हे कुणालाच माहीत नाही, आणि कुणालाच माहीत नाही हे मी आजवर दोघींना सोडून कुणालाही सांगितलेलं नाही.

एलीशम्मा माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ती तिशीची विधवा होती. थोरल्या दिराला पटकीने नेलं, मूलबाळ नव्हतं. मिशनच्या गोऱ्या बाईंनी तिला बायबलबाई केलं. म्हणजे काय, तर पांढरं लुगडं, काळी छत्री, खांद्याला पिशवी आणि पिशवीत गुंडाळी केलेली मोठाली रंगीत चित्रं. सकाळी आंबील पिऊन निघायची आणि दिवस कलल्यावर यायची. गावोगावच्या बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, आजारी माणसाच्या उशाशी बसायचं, हे तिचं काम.

मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. खोटं कशाला बोलू? देवाचं काम तिच्या वाट्याला आणि जातं माझ्या. ती दारात चपला काढायची तेव्हा माझं दळण, पाणी, शेण, मिरच्या खुडणं सगळं उरकून कंबर मोडलेली असायची. मग माझ्याच हातची भाकरी पुढे घेऊन ती डोळे मिटून एवढी लांब प्रार्थना करायची की अंबाडीची भाजी गार व्हायची. पाय मोठे, आवाज मोठा, आणि रागवायचं कसं ते ठाऊक नाही. न रागावणाऱ्या माणसाबरोबर एका घरात राहणं किती जड जातं ते राहिल्याशिवाय कळत नाही.

वरच्या गावात रेड्ड्यांच्या आळीत तिला कुणी पायरी चढू द्यायचं नाही. ती लिंबाखाली उभी राहून चित्र उलगडायची. बायका दाराआडून ऐकायच्या, चित्रं आवडायची त्यांना. तिने पाणी मागितलं की ओंजळ धरायला सांगून वरून ताक ओतायच्या. एकदा कुणीतरी शेणाचा गोळा मारला, तो चित्रातल्या मेंढरांना लागला. तिने पदराने पुसला आणि गोष्ट पुढे चालू केली. घरी आल्यावर तो पदर धुवायला मीच.

हे तोवर ठीक होतं. रेड्ड्यांनी शेण मारलं तर आमच्या मालपल्लीत तिची मान उंचच व्हायची. आमची चाळीस घरं, सगळी ख्रिस्ती, सगळी माला जातीची. बायबलबाईला शेण मारतात म्हणजे आपला देव खरा, असं आमचं गणित. ते बिघडलं ती ओढ्यापलीकडे गेली तेव्हा.

ओढ्यापलीकडे मादिगपल्ली. मादिगा म्हणजे कातड्याचं काम करणारे. वहाणा, मोटा, डफ. रेड्ड्यांच्या लेखी आम्ही दोघेही वेशीबाहेरचे. आमच्या लेखी ते आमच्याही बाहेरचे. आजोबांच्या काळी आम्ही देव बदलला, पण ओढा होता तिथेच राहिला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं.

तिकडे पेंटम्मा नावाची बाई होती, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी. तिच्या आधीची चार मुलं गेली म्हणून तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलली होती. उकिरड्यावरची पोर यमालाही नको वाटते. म्हणून नाव पेंटम्मा, उकिरड्याची. यमाला नको आणि माणसालाही नको अशी जीभ होती तिची. तिचा नवरा कोटय्या मोटा शिवायचा. चर्चला मिशनने दिलेला मिरचीचा मळा होता, त्याच्या विहिरीची मोट त्याच्याच हातची. पिण्याचं पाणी आम्ही त्याच मोटेच्या थारोळ्यातून भरायचो.

पहिल्या दिवशी काय झालं ते एलीशम्माने मला त्याच संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. तिने चित्र उलगडलं. येशू, सोनेरी केस, निळे डोळे. पेंटम्मा म्हणाली, "हा गोरा साहेब रेड्ड्यांच्या घरी जेवेल, आमच्याकडे कशाला येईल?" बायका हसल्या. एलीशम्माही हसली. मग पेंटम्मा हसायची थांबली.

"तुमच्या विहिरीची मोट माझा नवरा शिवतो," ती म्हणाली. "तिचं पाणी तुम्हाला चालतं. मी मागितलं की ओंजळ धर म्हणता आणि वरून ओतता. आता तुमचा देवही वरूनच ओतणार का?"

 चित्र गुंडाळून एलीशम्मा परत आली. रात्री जेवली नाही. मला वाटलं, बरं झालं, खोड मोडली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, चित्र काढलंच नाही, पेंटम्माच्या दारात बसून म्हणाली, "तहान लागली." पेंटम्माने मडक्यात परळ बुडवला आणि पुढे केला, बघू काय करते म्हणून. हिने दोन्ही हातांनी धरला, तोंडाला लावला आणि रिकामा केला.

ती ओढा ओलांडून येण्याआधी बातमी आली. माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरत होतं, मुलाकडचे शनिवारी येणार होते. मी त्याच संध्याकाळी एलीशम्माचं अंथरूण, ताट, तांब्या उचलून बाहेरच्या ओट्यावर ठेवला. नवऱ्याने सांगितलं नव्हतं, सासूनेही नाही. मीच ठेवलं, लपवायचं काय? तिने बघितलं आणि ओटा झाडून घेतला.

दीड वर्ष ती जात राहिली. आमच्या बायकांनी तिच्यासाठी वाट सोडायला सुरुवात केली, मान म्हणून नव्हे. तिची गाणी ओढ्यापलीकडून ऐकू यायची आणि त्यात पेंटम्माचा घोगरा आवाज सगळ्यांच्या वर. आमचे येसुरत्नम, चर्चच्या पंचांत वडील, मिरचीच्या शेंगेसारखे वाळलेले आणि तितकेच तिखट, म्हणायचे की गाणी गाऊ देत, गाण्याने काय होतंय.

मग तिकडच्या अकरा जणांनी बाप्तिस्मा मागितला.

चर्चमध्ये सभा बसली. आमचे तेव्हाचे अय्यगारू, म्हणजे पाळक, तीन महिन्यांतून एकदा गावात येत; येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि एका पेल्यातला घोट घ्यायचा तो प्रभुभोजनाचा विधी तेव्हाच व्हायचा. त्यांना वरून पत्र आलं होतं की बाप्तिस्मा द्या, नाकारू नका. नाकारायचं नाही आणि घ्यायचंही नाही, अशी वाट काढायला येसुरत्नम पक्के होते. उभे राहिले आणि म्हणाले, "बाप्तिस्म्याला आमची ना नाही. तो ओढ्यात होतो. वाहत्या पाण्याला विटाळ नसतो. पण प्रभुभोजनाचा पेला वाहत नाही. तो तोंडाला लागतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. कुणाला तरी इतकं मुद्देसूद बोलता येतं याचं मला कौतुक वाटलं.

एलीशम्मा बायकांच्या शेवटच्या रांगेत होती. तिने बसूनच विचारलं, "आणि मोट?"

"मोट तोंडाला लावतात का?" मागून एकजण म्हणाला, आणि हशा झाला.

मग तिने अय्यगारूंना विचारलं की शेवटच्या भोजनाला येशूपुढे किती पेले होते. अय्यगारूंनी चष्मा काढून पुसला. तेही मालाच. चष्मा पुसून झाल्यावर त्यांनी प्रार्थना सांगितली, आणि प्रार्थनेत कुणाला मध्ये बोलता येत नाही.

येसुरत्नमनी शहरातून दुसरा पेला आणला. दुकानात एकाच घाटाचे होते, त्यामुळे जुन्यासारखाच निघाला, हुबेहूब. चूक नको म्हणून त्यांनी नव्याच्या बुडाला लाल दोरा बांधला. दोऱ्याचा पेला मादिगांचा.

चर्चची भांडी घासायचं आणि भोजनाची भाकर भाजायचं काम माझ्याकडे होतं, हात स्वच्छ म्हणून. पेले माझ्या ताब्यात आले.

बाप्तिस्म्याच्या दिवशी ओढ्याकाठी पेंटम्मा ओल्या लुगड्यात उभी होती. आम्ही वरच्या अंगाला होतो, पाणी आमच्याकडून त्यांच्याकडे जावं म्हणून. तिला पेल्याचं कळलं होतं. ती एलीशम्माला म्हणाली, "अक्का, तू एक पेला सांगितला होतास." मी दहा हातांवर होते, शब्दन् शब्द ऐकला.

एलीशम्मा म्हणाली, "मला वेळ दे. मी माझ्या माणसांना सांगते."

"किती वेळ?"

"नाताळपर्यंत."

पेंटम्माने लुगड्याचा पिळा घट्ट केला. "दिला. नाताळला दोरा दिसला तर मी माझी माणसं घेऊन जाईन. मग परत बोलवायला येऊ नकोस."

पहिल्या भोजनाच्या सकाळी मी अंगणात दोन्ही पेले घासायला घेतले. चिंच आणि राख. दोरा चिंचेने भिजला की वास मारतो, म्हणून सोडून ठेवला. घासले, धुतले, सुपात पालथे घातले आणि आत गेले, तव्यावर भाकर होती. बाहेर येते तर सासूने सूप उचलून उन्हात सरकवलेलं, पेले पुन्हा पुसून सरळ ठेवलेले. दोन्ही सारखे. मी उलटे केले, पालथे केले, वास घेतला, नखाने टिचकी मारून आवाज ऐकला. दोन्ही एकाच आवाजात वाजले. सासूला विचारावं, तर तिला कशाला कळणार? तेवढ्यात पहिली घंटा झाली.

मी एका पेल्याला दोरा बांधला. कुठल्या, ते देव जाणे.

त्या दिवशी जुना असो की नवा, दोन्ही पेले स्वच्छच होते, मादिगांचं तोंड अजून एकालाही लागलेलं नव्हतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पण डोक्यात एकच भीती होती, जुन्याचा नवा आणि नव्याचा जुना झाला असेल. आधी पुरुष, मग आम्ही बायका, सगळ्यांत मागे ते अकरा. त्यांच्यात बारावी एलीशम्मा. ती आमच्या रांगेतून उठून मागे जाऊन बसली आणि दोऱ्याच्या पेल्यातून प्याली. येसुरत्नमच्या बायकोने माझ्या कानात म्हटलं, "गेली. आता ती आपली नाही." मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती, पण झाला तो आनंदच.

जुलैच्या भोजनाला मात्र खरी कसोटी होती. आता एका पेल्याला त्यांचं तोंड लागलेलं होतं. मी ठरवलं होतं की दोरा सोडायचा नाही. पण कपाटातून काढताना तो उंदराने कुरतडून खाली पडलेला. पेले शेजारी शेजारी, पुन्हा सारखे. मी नवा दोरा कातला आणि बांधला. द्राक्षारस म्हणून मनुकांचं पाणी ओतलं. माझी पाळी आली तेव्हा बिनदोऱ्याचा पेला ओठांना लावला आणि घोट उतरेना. मग उतरला. येसुरत्नमनी मिशा पुसल्या. कुणाला उलटी झाली नाही, कुणाच्या अंगावर चट्टे उठले नाहीत. ऑक्टोबरला तर मी बघितलंही नाही. हाताला लागला त्याला दोरा बांधला.

त्या नऊ महिन्यांत एलीशम्माने दुसऱ्या गावांना जायचं सोडलं. आता ती आमच्याच चाळीस घरी फिरत होती. छत्री, पिशवी, गुंडाळी, सगळं तसंच. ख्रिस्त्यांनाच येशू सांगायला निघालेली बाई मी दुसरी पाहिली नाही. रेड्ड्यांनी निदान वरून ताक ओतलं होतं. आमच्यांनी दारं लावली. येसुरत्नमची बायको उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, "तुझ्या सासऱ्याच्या आधी माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतलाय. तू आम्हाला येशू सांगणार?" कुणी तिच्यावर भांड्यांचं पाणी फेकलं, कुणी तिच्या पाठीमागे डफ वाजवल्याची नक्कल केली. कुणी म्हणालं, तिकडे कातडी कमवायला शिकलीस का? ती दुसऱ्या दिवशी त्याच दारात. आमच्या घराला कुणी विस्तव देईना. इतके दिवस लांबलेलं नणंदेचं लग्न मोडलं नाही, पण मुलाकडच्यांनी अट घातली की मोठी वहिनी मांडवात दिसता कामा नये. ती दिसली नाही. लग्नाचे दोन दिवस ती मळ्यात मोटेपाशी बसून होती.

शेवटी माझ्याकडे आली. माझ्याच ओट्यावर, तिच्याच अंथरुणाशेजारी, तिने शेवटच्या भोजनाचं चित्र उलगडलं.

"सारम्मा, मोज," ती म्हणाली. "माणसं तेरा. पेला एक."

मी म्हटलं, "चित्र काढणाऱ्याकडे जागा नसेल."

तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पेले कधीचेच मिसळलेत, आम्ही सगळे सगळ्यांचं उष्टं प्यालोय, येसुरत्नमसुद्धा, असं एक वाक्य. तेवढं तिला पुरलं असतं. ती ते चर्चमध्ये उभी राहून सांगती, आणि राखायचं काही उरलंच नाही म्हटल्यावर दोऱ्याला कोण विचारतं? पण मला वाटलं, मला बडवतील. घरातून काढतील. नणंदेला सासरहून परत पाठवतील. हे सगळं खरं होतं. आणि त्याखाली आणखी एक होतं, तेही सांगते. ही बाई एकदा तरी हरावी असं मला वाटत होतं. मी उठले आणि जात्यावर बसले.

नाताळला ते अकराचे सव्वीस झाले होते. नवी लुगडी, केसांत झेंडू. पेंटम्मा पुढे होती. मी पेले मेजावर मांडले, एकाला लाल दोरा. ती दारातून आत आली, मेजाकडे बघितलं, आणि रांगेत बसलीच नाही. एलीशम्मापाशी गेली.

"तुझा देव खरा असेल, अक्का," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "तुझी माणसं खोटी आहेत."

ती गेली. मागोमाग सगळे गेले, एक म्हातारा तर काठी विसरून गेला. एलीशम्मा दारापर्यंत धावली. येसुरत्नम म्हणाले, "चला, गाणं घ्या." आम्ही गाणं घेतलं.

वर्षभराने दुसऱ्या एका मिशनने ओढ्यापलीकडे त्यांना चर्च बांधून दिलं. अजून आहे. इकडची घंटा आणि तिकडची घंटा रविवारी एकाच वेळी वाजतात, एकमेकींना ऐकू जाऊ नये म्हणून जोरात. एलीशम्मा तिकडे गेली होती. नव्या मिशनचे लोक म्हणाले, आमची बायबलबाई आहे, मालांची नको. पेंटम्मा तिथेच उभी होती, ती एक शब्द बोलली नाही. येसुरत्नमच्या तक्रारीवरून इकडचं कामही गेलं. गोऱ्या बाई त्यांच्या देशी निघून गेल्या होत्या. धोबी का कुत्ता म्हणतात तशी गत. ती आपल्या मनाने लांबलांबच्या गावांना जात राहिली, पंचवीस वर्षं, चित्रांचे रंग उडेपर्यंत. तिच्या सांगण्याने किती जण ख्रिस्ती झाले हे मला ठाऊक नाही. आमच्या मालपल्लीतला एकही माणूस तिच्या सांगण्याने बदलला नाही, हे ठाऊक आहे.

मग पाय गेले. ती ओट्यावर पडून राहू लागली. नवरा, सासू कुणी उरलं नव्हतं; तिला भरवायला मी. आत आणते म्हटलं तर म्हणाली, इथे वारा येतो. एका दुपारी मी तिला आंबील पाजत होते. वाटी तिच्या तोंडाला लावली आणि माझ्या तोंडून निघून गेलं. पेले, सूप, उंदीर, दोरा, सगळं. नाताळचंसुद्धा.

मला वाटलं, ती क्षमा करेल. ती तेच तर करत आली होती जन्मभर, आणि मला त्याचाच राग होता. तिने वाटी हाताने लोटली. आंबील माझ्या लुगड्यावर सांडली. तिला रागावलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. चेहरा लाल, श्वास चढलेला.

"नाताळला तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"होतं."

"तू बसून गाणं म्हटलंस."

 चार दिवस तिने माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. शेजारणीची पोर भरवून जायची. मी दाराआडून बघायचे. इतक्या वर्षांत मला तिच्याविषयी जे काही वाटलं होतं ते सगळं माझ्यावरच उलटलं होतं, आणि झोप नव्हती.

पाचव्या दिवशी तिने हाक मारली. म्हणाली, "मला चालता येत नाही. तू जा. पेंटम्माला सांग."

"आता सांगून काय होणार?"

"काही होणार नाही. जा."

त्या ओढ्यात मी आयुष्यभर कपडे धुतले, पण पलीकडे कधी पाय ठेवला नव्हता. पाणी घोट्याएवढं होतं. मादिगपल्लीत बायका बघत राहिल्या. पेंटम्मा दारात बसून सुपारी कातरत होती, दात गेलेले, केस पांढरे. मी कोण ते तिने लगेच ओळखलं. बस म्हणाली नाही. मी उभ्या उभ्या सांगितलं, पेले घासल्यापासून शेवटपर्यंत.

 ती हसायला लागली. ठसका लागेपर्यंत हसली.

"म्हणजे येसुरत्नम माझं उष्टं प्यायला," ती म्हणाली. "आणि ऐंशी वर्षं जगला."

"हो."

"अक्काला कधी कळलं?"

"पाच दिवस झाले."

तिचं हसू गेलं. अडकित्ता खाली ठेवला. ओढ्याकडे बघितलं. "नाताळला मी तिला सगळ्यांसमोर बोलले," ती म्हणाली. "इथून हाकलली तेव्हा तोंड शिवून उभी राहिले. तुझ्यामुळे."

मी मान खाली घातली. उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता, ते तिला दिसलं असावं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आत गेली आणि तांब्या भरून आणला. मी हात पुढे केला. तिने तांब्या दिला नाही.

"ओंजळ धर," ती म्हणाली.

सगळ्या बायका बघत होत्या. मी वाकले आणि ओंजळ धरली. तिने वरून ओतलं, हळूहळू, तांब्या संपेपर्यंत. निम्मं पाणी कोपरावरून लुगड्यात गेलं. मी प्याले.

घरी आले तेव्हा एलीशम्मा ओढ्याच्या वाटेकडे तोंड करून जागी होती. माझ्या भिजलेल्या बाह्यांकडे बघितलं.

"पाणी दिलं तिने?"

"दिलं."

"कसं?"

मी सांगितलं.  ती म्हणाली, आंबील असेल तर आण. मी वाटी आणली, तिने माझ्या हातून निम्मी घेतली, उरलेली माझ्याकडे सरकवली. तिच्या तोंडाला लागलेली वाटी मी तोंडाला लावत नसे. मादिगपल्लीत ती पहिलं पाणी प्याली तेव्हापासून नाही. ती वाट बघत होती. मी वाटी उचलली.